सोसायटी कोणाची आणि वही कोणाच्या हातात?



भात निसवायला लागलंय. आणखी थोड्या दिवसांत कापणी, मग झोडणी. खळं तयार व्हायच्या आधीच शेठचा माणूस पाड्यावर फेऱ्या मारायला लागतो, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. यंदा मात्र फेऱ्या मारणारे दोघे आहेत. एक शेठचा दिवाणजी. दुसरा सहकार खात्याचा साहेब. साहेब म्हणतो, "तुम्हाला जमिनी परत मिळाल्या, काहींना प्लॉट मिळाले. आता सोसायटी करा. बियाणं मिळेल, कर्ज मिळेल."

यावर पाड्यापाड्यावर बैठका झाल्या. दोन मतं पडली. म्हातारी माणसं म्हणाली, "सोसायटी आम्ही पाहिली आहे. सोसायटी म्हंजे शेठचीच दुसरी वखार." तरुण पोरं म्हणाली, "मग काय आयुष्यभर मोर्चेच काढायचे? जमीन मिळवली, ती टिकवायची कशी?" दोन्ही बोलणी खरी आहेत, म्हणून हा अंक आम्ही याच प्रश्नाला दिला आहे. संघटनेनं अजून ठराव केलेला नाही. तो पाड्यांनी करायचा आहे. पण ठराव करण्याआधी सहकार म्हणजे मुळात काय, त्याचे नियम काय, आणि ते आपल्याकडे का मोडले, हे नीट समजून घ्यायला हवं.

रीत जुनी, शब्द नवा

सहकार ही सरकारनं आणलेली वस्तू आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. घर शाकारायला अख्खा पाडा येतो. लावणीला आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. कुठे याला इरजीक म्हणतात, कुठे सावड, जुन्नर-आंबेगावकडचे महादेव कोळी पडकई म्हणतात, सातपुड्यात लाहा म्हणतात. यात कुणी मालक नसतो, कुणी मजूर नसतो. ज्याची जमीन जास्त तो जास्त बोलत नाही. आणि कुणी कुणाकडे किती दिवस काम केलं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, कारण सगळं सगळ्यांच्या डोळ्यासमोर घडतं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. डोळ्यासमोरचा हिशेब होता तोवर सहकार टिकला. हिशेब कागदावर गेला, कागद कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला गेली, तिथे सहकार संपला.

अठ्ठावीस कामगार

नियम लिहून सहकार सुरू केला तो इंग्लंडातल्या मजुरांनी. मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव आहे. तिथले विणकर उपाशी मरत होते. मजुरी वाढवून मागितली, संप केला, संप फुटला. दुकानदार पिठात भेसळ करी, वजनात मारी, आणि उधारीच्या वहीत मजुराला बांधून ठेवी. तेव्हा १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यात बरेच विणकर, एकेक पौंड जमवला आणि २१ डिसेंबरला एक लहानसं दुकान उघडलं. माल किती? लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या, एवढाच.

पण त्यांनी नियम केले ते पक्के. माल शुद्ध आणि वजन पूर्ण. उधार नाही. भांडवल कुणाचं कितीही असो, मत प्रत्येकाला एकच. भांडवलाला ठरावीक व्याज, आणि उरलेला नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात ज्याचा त्याला परत. बाईलाही सभासद होता येई आणि तिलाही मत होतं. त्या देशात संसदेच्या निवडणुकीत बायकांना मत मिळायला १९१८ साल उजाडलं. पुढे त्यांनी नफ्यातला शेकडा अडीच भाग सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवण्याचा नियम केला. पोट भरत नव्हतं अशी ही माणसं वाचनालयावर पैसे का खर्च करत होती? कारण वही वाचता आली नाही तर दुकान आपलं राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

या नियमांवरून पुढे जगभर सहकाराची तत्त्वं ठरली. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाला १९९५ मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा मँचेस्टरलाच परिषद भरून ती पुन्हा लिहिली गेली. ती सात आहेत: खुलं आणि स्वेच्छेचं सभासदत्व, सभासदांचा लोकशाही कारभार, सभासदांचा आर्थिक सहभाग, स्वायत्तता, शिक्षण आणि माहिती, संस्था-संस्थांमधला सहकार, आणि गावसमाजाची काळजी.

ही तत्त्वं सोसायटीच्या कचेरीत भिंतीवर लावलेली असतात. आपण ती भिंतीवरून खाली उतरवून सोसायटीलाच विचारायला हवीत. म्हणजे "ही आमची तत्त्वं आहेत" असं सोसायटीनं सांगायचं नाही, तर "दार खुलं आहे का? मत खरं आहे का? वही दाखवता का?" असं आपण विचारायचं.

आपल्या भागात काय झालं

१९४५ साली याच डोंगरात वारल्यांनी वेठ मोडली, लग्नगडी सोडवले. तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, तरी लोक मागे हटले नाहीत. दुसऱ्या वर्षी जंगलकामाला रोज सव्वा रुपया मागितला. जंगलचे ठेकेदार तेव्हा हादरले. त्याच सुमारास, बाळासाहेब खेरांचं सरकार असताना, जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या. ठेकेदाराला काढायचं, कूप सोसायटीला द्यायचं, तोड आदिवासींनी करायची, नफा आदिवासींचा. कल्पना चांगली होती. ती नुसती सरकारच्या मनात आली असं नाही, त्यामागे संपाचा रेटा होता, हे विसरू नका.

त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. ज्यांनी कुऱ्हाड चालवली त्यांना विचारा. मजुरी मिळाली, कुठे कुठे ठेकेदारापेक्षा बरी मिळाली, काही गावांना विहिरी, शाळांच्या खोल्या मिळाल्या. हे नाकारायचं कारण नाही. पण "तुम्ही मालक होता का?" असं विचारलं की म्हातारे हसतात. आदिवासी अडाणी, त्याला कारभार जमायचा नाही, म्हणून प्रत्येक सोसायटीच्या डोक्यावर एक पुरस्कर्ती संस्था बसवली. तिचा माणूस कारभारी मंडळात. सेक्रेटरी बाहेरचा. लाकडाचा लिलाव कुठे झाला, भाव काय आला, कुणी सांगितलं नाही. सभा झाली असं कागद म्हणतो, त्यावर अंगठेही आहेत. पण अंगठे मजुरी वाटपाच्या दिवशी घेतलेले.

आदिवासी शिकेपर्यंत पुरस्कर्ता राहील असं तेव्हा सांगितलं होतं. पण शिकवण्याचं काम कुणाचं होतं? पाचवं तत्त्व शिक्षणाचं आहे. ते पाळलं असतं तर पुरस्कर्त्याची गरज दहा वर्षांत संपली असती. ते पाळलं नाही, म्हणून ती गरज कधी संपलीच नाही.

आणखी एक गोष्ट कडू आहे पण बोलायला हवी. सोसायटी जंगल तोडून जगली. कूप पडलं की काम, कूप नाही तर बसून. जंगल विरळ होत गेलं तशी सोसायटीही वाळत गेली. गावसमाजाची काळजी हे तत्त्व त्या कामात कुठेच नव्हतं. नातवाच्या वाट्याचं जंगल विकून आजोबाला मजुरी मिळत असेल, तर तो सहकार किती दिवस पुरणार?

मग १९७६ साली एकाधिकार खरेदीचा कायदा आला. आदिवासींचं धान्य आणि वनोपज व्यापाऱ्यानं घ्यायचं नाही, सरकारच्या वतीनं आदिवासी सोसायट्यांनी घ्यायचं. पालेमोड बंद करायची. पालेमोड म्हणजे काय ते आपल्या पोरांनाही माहीत आहे: आषाढ-श्रावणात घरात दाणा नसतो तेव्हा शेठ देतो, आणि कापणीला तो म्हणेल त्या भावानं भात घेऊन जातो. कायदा चांगला होता. पण भुकेला कायदा कळत नाही. जिथे खरेदी केंद्र उशिरा उघडतं, काट्यावर दोन दिवस बसावं लागतं आणि पैसे महिन्यानं मिळतात, तिथे माणूस रात्रीचा शेठकडेच जातो. सोसायटी सरकारची एजंट झाली, सभासदांची झाली नाही. एजंटाला कमिशन असतं, सभासदाला हक्क असतो. हा फरक फार मोठा आहे.

सातबाऱ्याचं दार

पहिलं तत्त्व म्हणतं, दार सगळ्यांना खुलं. आपल्याकडे त्या दाराला सातबाऱ्याचं कुलूप आहे. पीककर्ज हवं तर सातबारा दाखवा. ज्यांचे प्लॉट ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसवणुकीत आहेत आणि अजून नावावर झालेले नाहीत, त्यांचं काय? जमीन तेच कसतात, भात तेच पिकवतात, दंडही तेच भरतात, पण सोसायटीच्या लेखी ते शेतकरी नाहीत. म्हणजे ज्याला कर्जाची गरज सगळ्यात जास्त तोच दाराबाहेर, आणि बाहेर शेठ उभाच आहे.

आणि बायका? गवत कापणाऱ्या त्या, मोहफुलं वेचणाऱ्या त्या, डिंक गोळा करणाऱ्या त्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून सभासद नवरा. त्यानं सभेला जायचं, त्यानं पैसे घ्यायचे, आणि वाटेत गुत्ता. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांना जे कळलं ते आपल्याला आज कळू नये?

दार बंद ठेवून सहकार मोठा कसा होतो, हे पाहायला लांब जायला नको. आपल्या राज्यात १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मेहनतीनं शेतकऱ्यांनी मोठं काम केलं. पण या कारखान्यांत सभासद कोण? ऊस लावणारा. ऊस तोडणारा नाही. डांगातले, खानदेशातले आपलेच भाऊ दरवर्षी कोयता घेऊन, बायकापोरांसह दक्षिण गुजरातच्या सहकारी कारखान्यांच्या उसात उतरतात. पाटीवर 'सहकारी' लिहिलेलं असतं, आणि खाली पालात राहणाऱ्याला मतही नसतं, शेअरही नसतो. मालकांचा आपसांतला सहकार आणि मजुरांना ठेकेदार, अशी ती पद्धत आहे. आपण सोसायटी केली आणि पाड्यातल्या भूमिहीनाला बाहेर ठेवलं, तर आपणही लहान प्रमाणावर तेच करू.

कायदा वहीबद्दल काय म्हणतो

आपल्यापैकी अनेक जण आजही कुठल्यातरी सोसायटीचे सभासद आहेत. त्यांना आपण सभासद आहोत हेही नीट माहीत नाही. म्हणून १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातली ही कलमं वाचून दाखवा. पाड्यावर जो पोरगा शाळेत जातो त्याला वाचायला लावा.

कलम २७: प्रत्येक सभासदाला एकच मत. शेअर दहा असोत की हजार.

कलम ३२: संस्थेचे पोटनियम, ताळेबंद, सभासदांची यादी, सभेचं इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराची नोंद, कचेरीच्या वेळात फुकट पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. "साहेब नाहीत, किल्ली नाही" हे उत्तर कायद्यात बसत नाही.

कलम ७५: वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते आणि हिशेब तिच्यापुढे ठेवावा लागतो.

कलम ७६: एकपंचमांश सभासदांनी, किंवा पोटनियमात जो आकडा असेल तेवढ्यांनी, लेखी मागणी केली तर एका महिन्यात खास सभा बोलवावी लागते.

कलम ८३ आणि ८८: एकपंचमांश सभासदांनी अर्ज केला तर निबंधक चौकशी लावू शकतो, आणि ज्यानं पैसा खाल्ला त्याच्याकडून वसूल करता येतो.

हे हक्क आज आपल्या हातात आहेत. मोर्च्याला आपण हजारांनी जातो. सोसायटीच्या सभेला पन्नास जण गेले तरी चेअरमनचा घसा कोरडा पडेल. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराच्या वह्या, खतं बाहेर काढून जाळली. आपल्याला वही जाळायची नाही. ती उघडून मोठ्यानं वाचायची आहे.

लढा आधी की सोसायटी आधी?

काही कार्यकर्त्यांना भीती वाटते की सोसायटी आली की लढा थंडावेल. लोक कर्ज, अनुदान, चेअरमनकी यात गुंततील आणि संघटनेचे कार्यकर्ते गटसचिवाच्या मागे फिरतील. ही भीती खोटी नाही. असं घडलेलं आपण पाहिलं आहे.

पण दुसरीकडे पाहा. केरळात कण्णूर भागात १९६८-६९ मध्ये विडी कामगारांचा कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा मालकांनी कारखानेच बंद केले. सुमारे १२ हजार कामगार रस्त्यावर आले. ते युनियनचे लोक होते, लढून तयार झालेले. त्यांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली, दिनेश विडी. सरकारनं भांडवलाला मदत केली, पण कामगार संघटित होते म्हणून संस्था त्यांची राहिली. त्यांनी कायद्याप्रमाणे मजुरी, रजा, सुट्ट्या देऊन दाखवल्या, जे मालक अशक्य म्हणत होते. तिथे लढ्यानं सोसायटीला कणा दिला.

आमचं म्हणणं एवढंच. संघटना नसलेली सोसायटी ठेकेदाराची होते. आणि सोसायटी नसलेली संघटना जमीन जिंकते, पण आषाढात ती जमीन पुन्हा शेठच्या दारात जाते. १९७४ च्या जमीन परत करण्याच्या कायद्यानं मिळालेल्या जमिनींचं काय झालं, ते मनाशी आठवा. नाव सातबाऱ्यावर आदिवासीचं, पण गवत शेठचं, कारण बैल शेठच्या पैशाचा. हा दुसरा कब्जा कुठल्याही कोर्टात दिसत नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये संसदेनं अनुसूचित भागातल्या पंचायतींचा कायदा केला, १९९६ चा ४० वा. त्यात गौण वनोपजाची मालकी, गेलेली जमीन परत आणणं, सावकारीवर ताबा, हे अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यावेत असं म्हटलं आहे. राज्य सरकार त्यातलं किती देतं ते लढूनच ठरेल. पण उद्या मालकी मिळाली आणि माल विकायला आपली व्यवस्था नसेल, तर मालकी ग्रामसभेची आणि फायदा व्यापाऱ्याचा, असंच होणार. तयारी आजपासून हवी.

यंदा काय करता येईल

मोठ्या सोसायटीची घाई नको. खात्याच्या साहेबाला सांगा, "थांबा, आम्ही आधी घरचं करून पाहतो." आमची सूचना अशी, की झोडणी झाली की पाड्याची धान्यकोठी सुरू करावी.

हिशेब सरळ आहे. चाळीस घरांचा पाडा धरा. प्रत्येक घरानं पन्नास किलो भात ठेवलं तर वीस क्विंटल जमलं. ज्याला जमत नाही त्यानं कोठी बांधायला चार दिवस काम द्यावं, तोही सभासद. आषाढात ज्याला लागेल त्यानं न्यावं, आणि कापणीनंतर शंभर किलोमागे दहा किलो जादा घालून परत करावं. शेठ दीडीनं देतो. म्हणजे वीस क्विंटल त्याच्याकडून घेतलं तर चार महिन्यांत दहा क्विंटल वाढी त्याच्या घरी. कोठीत वाढी दोन क्विंटल, तीही आपल्याच कोठीत. उरलेलं आठ क्विंटल पोरांच्या पोटात. पुढच्या वर्षी ते दोन क्विंटल त्या घराला, ज्याच्याकडे ठेवायला काहीच नव्हतं.

नियम चारच ठेवा. घरातून दोन सभासद, एक बाई आणि एक पुरुष, दोघांना मत. किल्ल्या दोन, एक बाईकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. दर अमावास्येला सगळ्यांसमोर वही वाचायची, ज्याला वाचता येत नाही त्यानं गाठी मोजून पडताळायचं. आणि संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता कोठीचा कारभारी होणार नाही. हा शेवटचा नियम आमच्यावरच आहे. एक पुरस्कर्ता काढून दुसरा बसवायचा नाही.

दोन वर्षं कोठी चालली, वही चोख राहिली, भांडणं सभेत मिटली, तर मग नोंदणीचं बोलू. तेव्हा पोटनियम आपण लिहू, सेक्रेटरी आपण नेमू, आणि शेजारच्या पाड्यांच्या कोठ्या एकत्र येऊन बाजारात भात विकायला जातील. सहावं तत्त्व तेव्हा कुणी शिकवायला लागणार नाही. कोठी चालली नाही, तर नोंदणीचा कागदही आपल्याला वाचवणार नाही, हे स्वस्तात कळेल.

स्वातंत्र्याची पन्नास वर्षं १९९७ च्या ऑगस्टमध्ये साजरी झाली. जंगल सोसायट्यांचीही झाली. भाषणं झाली असतील. आपण आपल्या पाड्यावर एकच काम करू या. येत्या महिन्यात जिथे जिथे सोसायटी आहे तिथे कलम ३२ प्रमाणे वही पाहायला मागा, निदान दहा जणांनी मिळून. काय दाखवलं, काय नाही दाखवलं, ते लिहून किंवा सांगून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ते छापू, आणि धान्यकोठीवर पाड्यांची मतंही छापू, बाजूची आणि विरोधाचीही.

ठराव दिवाळीनंतरच्या मेळाव्यात होईल. येताना हा अंक घेऊन या. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवल्याशिवाय तो चुलीत घालू नका.

जिंदाबाद!